हौद्यातलं विरजण

आमची वेदिका उपाशी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. कारण त्या दिवसांत शिंगवाडीत ज्याला त्याला तीच शंका. "मास्तरीणबाई, पोरगीला खायाला घालताय न्हवं?" घालत होतो. सकाळी केळी आणि बदाम घातलेलं दूध, दुपारी भाकरीची चळत आणि मटण, संध्याकाळी आबांच्या हातची थंडाई. एवढं सगळं रिचवून पोरगी वाळत चालली होती. कुस्तीच्या हौद्यात उतरली की पहिल्या फेरीत वाघीण. दुसऱ्या फेरीत एकदम हातपाय गळायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि जिला तिनं एरवी चुटकीसरशी अस्मान दाखवलं असतं अशी कुणीतरी तिच्या छाताडावर बसलेली असायची.

वेदिका माझ्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी नोकरीपायी सुरतेला, त्यामुळे ती लहानपणापासून आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आणि आबांकडे. आबा म्हणजे माझे वडील दत्तोबा मगदूम, शिंगवाडीच्या तालमीचे वस्ताद. मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या घरात एकानं माती सांभाळली, एकीनं जंतू, आणि दोघांचंही एकमेकांच्या कामाबद्दल मत फारसं बरं नव्हतं.

राष्ट्रीय संघाची निवड दिवाळीनंतर होती. वेदिकासाठी ती निवड म्हणजे सगळं काही होतं. बारावीनंतर तिनं दुसऱ्या कशाचाही विचार केला नव्हता, आणि आम्हीही करू दिला नव्हता. आता ही पोरगी दुसऱ्या फेरीत उभी राहू शकत नव्हती.

डॉक्टर झाले, रक्त झालं, थायरॉइड झालं. सगळं ठीक. शेवटी वैतागून मी तिचा नमुना (कसला, ते जेवायच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी सांगत नाही) प्रयोगशाळेत नेला. दोन दिवसांत प्लेटवर जे उगवलं ते बघून मी खुर्चीतून उठलेच. त्या बुळबुळीत, मोत्यासारख्या वसाहती मला चांगल्या ओळखीच्या होत्या. तो 'मितशर्करा'चा जंतू होता.

मितशर्करा ही सरकारी आरोग्य योजनेतली कॅप्सूल. मधुमेह घरोघरी झाल्यावर एका कंपनीनं ती काढली. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिच्याकडे वकिलांची फौज आहे आणि माझ्याकडे एकच, तोही मेहुणा. कॅप्सूलमध्ये औषध नाही, जिवंत जंतू असतात. लोक त्यांना सरळ 'चोर' म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे.

जंतूच्या अंगात साखर अशी आपोआप शिरत नाही. त्याला दारं लागतात. प्रत्येक साखरेचं दार वेगळं. ग्लुकोजचं वेगळं, उसाच्या साखरेचं वेगळं, दुधातल्या साखरेचं वेगळं. ही दारं बांधायची आणि आत आलेली साखर फोडायची जनुकं बहुतेक वेळा शेजारीशेजारी बसलेली असतात. जंतू मोठा काटकसरी. जी साखर समोर नाही तिचं दार तो बांधतच नाही, आणि ग्लुकोज मिळत असेल तर बाकीची दारं बंद ठेवतो. आधी ताटातलं संपवा, मग दुसरं वाढू, असा त्याचा बाणा. कंपनीनं नेमकी ही शिस्त मोडली. ग्लुकोजची, उसाच्या साखरेची आणि पिष्टातून सुटणाऱ्या साखरेची दारं त्यांनी कायमची उघडी केली आणि पटीनं वाढवली. असा जंतू आतड्यात बसला की आपण खाल्लेली साखर आपल्या रक्तात जायच्या आत तोच ओढून घेतो आणि तिचा डिंक करून टाकतो. डिंक सकाळी निघून जातो. मधुमेह्याला हा चोर म्हणजे देवदूत. अंगमेहनत करणाऱ्याच्या पोटात तो गेला, तर भाकरी त्याची आणि घाम तुमचा.

पण वेदिकानं कॅप्सूल कधी घेतलीच नव्हती. आणि कंपनी छातीठोकपणे सांगत होती की हा जंतू माणसातून माणसात जात नाही. त्यांनी त्याचं दुधाच्या साखरेचं दार काढून टाकलं होतं, वाढायचा वेगही कमी ठेवला होता. बाहेर तो तग धरणार नाही आणि महिन्याभरात आतही संपेल, अशी व्यवस्था. मग दर महिन्याला नवी कॅप्सूल.

घरात मधुमेहासाठी कॅप्सूल घेणारा माणूस एकच. मी आबांना गाठलं. ते घरामागच्या परड्यात बसून लिंबं पिळत होते, हौद्यातल्या मातीत घालायला. तालमीची माती काही नुसती माती नसते. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल असं पिढ्यान्‌पिढ्या मुरत आलेलं असतं.

"आबा, तुम्ही कॅप्सूल कशी घेता?"

"डाक्टर म्हणाला तशी. ताकाबरोबर."

"म्हणजे गिळता आणि वर ताक पिता?"

आबा माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून हसले. "म्हयन्याला एक कॅप्सूल मिळती. तिच्यात जंतूच हाईत म्हणतीस न्हवं? दह्यात बी जंतूच. मग फोडली आणि टाकली दह्याच्या गाडग्यात. एकदा इरजान लागलं की लागलं. मला रोज ताजी कॅप्सूल मिळती, कंपनीला कळतंय काय!"

मला रडावं की हसावं कळेना. औषधाला विरजण लावायची कल्पना शिंगवाडीच्या वस्तादाशिवाय कुणाच्या डोक्यात येणार? आणि ती लागू पडली होती. दह्यातल्या जंतूंमध्ये दुधाच्या साखरेची जनुकं पुष्कळदा एका छोट्या सुट्या कड्यावर असतात, आणि ते कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. शेजारणीनं वाटीभर विरजण न्यावं तसं आबांच्या गाडग्यातल्या चोरानं शेजाऱ्याकडून ते दार मागून घेतलं होतं. आता महिन्याभरात संपायचं बंधन त्याला उरलं नव्हतं. आणि वस्तादांच्या हातचं ताक तालमीतली पोरं प्रसाद म्हणून पीत होती. वेदिका तर तांब्यानं.

मी सरळमार्गी बाई. मी कंपनीला नमुने पाठवून सगळं कळवलं. जंतू पसरतोय, गाडग्यात राहतोय, लोकांना सावध करा. मला वाटलं, ते धावत येतील.

ते आले. डॉ. अभिराम सावे नावाचे गोड बोलणारे गृहस्थ, सोबत एक वकीलबाई. आबांनी त्यांना तालमीच्या कट्ट्यावर बसवलं, चहा मागवला. सावे म्हणाले, "मॅडम, आम्ही नमुने तपासले. जंतू आमचाच आहे. म्हणजे तुमच्या भाचीच्या शरीरात आमची नोंदणीकृत मालमत्ता परवान्याशिवाय आहे."

"आहे म्हणजे? तिनं चोरून नेलीय का?"

"मी तसं म्हणत नाही. पण निवड स्पर्धेची जैव-तपासणी आमच्याकडे आहे, आम्हीच प्रायोजक आहोत. विनापरवाना जंतू सापडला तर नियमानं खेळता येत नाही. म्हणून मी प्रस्ताव आणलाय. वेदिकानं एवढंच लिहून द्यावं की तिनं मितशर्करा स्वेच्छेनं घेतली. आम्ही तिला परवाना देऊ. शिवाय आमची विशेष साखर. तिच्यासाठी या जंतूकडे दारच नाही, ती थेट खेळाडूच्या रक्तात जाते. वेदिकाला आयुष्यभर मोफत. ती आमचा चेहरा होईल."

म्हणजे चोर यांचा, आणि चोराला चुकवून घरात पोचणारी भाकरीही यांचीच. आणि एका सहीत पसरण्याचा सगळा पुरावा पुसला जाणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात वेदिका हौद्यातून वर आली. अंगभर लाल माती, हात कमरेवर.

"सर, एक इचारू? माझ्या पोटात तुमचा भाडेकरू ऱ्हाणार, माझंच खाणार, आणि करारनामा बी मीच लिहून द्यायचा?"

"बाळ, तू भावनेनं बोलतेयस. निवड तोंडावर आलीय."

"बाळ तुमच्या घरात. मी सही करत न्हाई." आमच्याकडच्या बायका 'करतो-जातो' अशाच बोलतात, पण शहरी पाहुण्यांपुढे वेदिका तेवढं टाळते. पुढचं मात्र तिनं अगदी तसंच सांगितलं. "मी खेळतो का न्हाई ते बघाच तुम्ही."

बोलणं सोपं होतं. चोराला काढायचा कसा? प्रतिजैविकं देऊन पाहिली, तो डिंकाच्या गोधडीत लपून बसला. मी हट्टाला पेटले. किती पसरलाय ते तरी कळावं म्हणून गाडगी, तांबे, हौद्यातली माती, सगळ्याचे नमुने घेतले. आबा अधूनमधून ताक मातीतही ओतत, त्यामुळे हौदा चोरांनी भरलेला असणार, हे मी गृहीत धरलं होतं.

मातीत चोर औषधालाही नव्हता. प्लेटवर मी मुद्दाम चोरांचा थर दिला आणि त्यावर मातीचे कण टाकले. सकाळी पाहिलं तर काही कणांभोवती स्वच्छ, गोल कडी पडलेली. कड्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका ऐटीत बसलेला, आणि त्याच्या आसपास एकही चोर जिवंत नाही. मी एवढ्या जोरात ओरडले की शिपाई धावत आला.

तो पांढरा ठिपका म्हणजे ताकातलाच एक जुना जंतू होता. कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी कुणाच्या तरी घरच्या ताकातून हौद्यात पडलेला. मातीत साखर थोडी आणि खाणारे फार, त्यामुळे तिथं टिकायचं तर मारामारी आलीच. हा एक लहानसं प्रथिन सोडतो. ते प्रथिन नेमकं ग्लुकोजच्या दारात जाऊन पाचरीसारखं अडकतं. दार मग मिटतच नाही, आणि जंतूच्या आतलं सगळं बाहेर गळून जातं. ते सोडणाऱ्यानं स्वतःच्या दाराला आधीच अडसर लावलेला असतो, म्हणून तो वाचतो. साध्या जंतूला दारं मोजकी, तो कधी मरतो, कधी निभावतो. चोराला दारंच दारं. ज्या दारांच्या जोरावर तो चोर झाला तिथूनच मरण आत शिरतं. आणि दारं बुजवून जीव वाचवायला गेला, तर मग चोरी कशी करणार? मला या युक्तीचं एवढं कौतुक वाटलं की मी त्या दिवशी वर्गात सगळं सोडून तेवढंच शिकवलं.

माती पोटात घालायची गरज नव्हती. मी तो ठिपका वेगळा केला, त्यात दुसरं काही वाईट नाही याची खात्री केली, आणि उकळून निववलेल्या दुधात लावला. छान घट्ट दही लागलं. वेदिका रोज त्याचं ताक प्यायली. दोन आठवड्यांत चोर नाहीसा झाला, तिच्या गालावर रंग आला आणि दुसऱ्या फेरीत तिनं तालमीतल्या एका दांडग्या पोराला ढाक मारून पाडलं. तालमीतल्या बाकी पोरांनीही ताक मागून नेलं.

पुढच्या तपासणीत वेदिकाच्या पोटात चोर परत हजर.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ती आणि आबा एका ताटात जेवतात. लहानपणापासून. आबा घास मोडतात, अर्धा स्वतः खातात, अर्धा तिला देतात. शिवाय घरात तोच तांब्या, तेच गाडगं. ताक जुना चोर मारायचं तोवर आबांकडून नवा यायचा, आणि ताटं वेगळी केली तरी घर एकच. आबांमध्ये चोर होता तोवर वेदिका सुटणार नव्हती.

आणि आबांना चोर हवा होता. हे मला लपवायचं नाही. चोर येण्याआधी त्यांच्या डाव्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती. अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर बोलून गेले होते. इन्सुलिनची सुई म्हटली की हा आयुष्यभर हाडं मोडून घेतलेला माणूस लहान पोरासारखा तोंड फिरवायचा आणि निम्म्या वेळा टाळायचा. चोर आला, साखर उतरली, जखम भरली. आबा पुन्हा हौद्यात उतरले.

मी त्यांना सांगितलं तेव्हा वेदिका तिथंच होती. ती ताडकन उठली. "मी होस्टेलवर जातो. न्हाईतर कुस्ती सोडतो. पर आबांचा पाय न्हाई जाऊ द्यायचा."

"आता होस्टेलात जागा कुठली?" मी म्हणाले.

"मग सोडली कुस्ती!"

आबांनी ताट बाजूला सारलं आणि ते उठून गेले.

सावेंना आमच्या तपासणीचा निकाल कुठून कळला ते मला आजही माहीत नाही. ते आले आणि या वेळी सरळ आबांसमोर बसले. "वस्ताद, मी डॉक्टर म्हणून बोलतोय. तुमच्या मुलीचं हे दही आमच्या जंतूला मारतं. तुम्ही ते प्यालात तर तुमची साखर पुन्हा चढेल. आणि हे दही गावात पसरलं तर कितीतरी मधुमेह्यांचं औषध बुडेल. एका कुस्तीसाठी एवढं?"

दोन्ही मुद्दे खरे होते, आणि दुसरा मी अनेकदा मनात घोळवला होता. मी म्हणाले, "मी गावातल्या प्रत्येक मधुमेह्याला सांगितलंय, चोर हवा असेल तर आमच्या दह्यापासून लांब राहा. ज्याला हवा त्यानं ठेवावा, ज्याला नको त्यानं काढावा. तुम्ही मात्र कुणालाच काही सांगितलं नाहीत, सावे. तुमचा जंतू घराघरांत शिरतो हे कळल्यावर तुम्ही आमच्याकडे सही मागायला आलात. तुमची भिंत ताकानं पडत असेल, तर त्यात ताकाचा काय दोष?"

"नुकसानभरपाईचा दावा झाला तर हे वाक्य कोर्टात म्हणा," सावे म्हणाले. त्यांचा गोडवा पहिल्यांदाच सरला होता.

तेवढ्यात आबा उठले. स्वयंपाकघरात गेले आणि माझ्या दह्याचं ताक भरलेला तांब्या घेऊन आले. आमच्या तालमीत नवी थंडाई घोटली की पहिला घोट वस्तादाचा. चांगलं-वाईट आधी त्यानं पोटात घ्यायचं, मग पोरांनी. आबा सावेंसमोर उभे राहिले, तांब्या वर केला आणि एका दमात रिकामा केला.

"आबा!" वेदिका किंचाळली. "मला इचारलं न्हाईसा!"

"वस्ताद शागिर्दाला इचारून डाव टाकत न्हाई." त्यांनी मिशा पुसल्या आणि सावेंकडे वळले. "हे बघा सायब. पाय माझा हाय. त्यो ऱ्हाईल न्हाईतर जाईल, मी आणि माझी सुई बघून घेऊ. पोरीच्या पोटातलं तुमचं म्हणताय न्हवं? मग मी ते भाईर काढायलोय. तुमचं तुम्ही घेऊन जावा."

मला त्या माणसाचा अभिमान वाटला आणि जाम भीतीही वाटली. सावे गेले. आबांनी जुनं दह्याचं गाडगं स्वतःच्या हातानं उकळत्या पाण्यात घातलं. वेदिका दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुई घेऊन त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "तोंड फिरवा तिकडं." त्यांनी फिरवलं. तेव्हापासून एकही सुई चुकली नाही. साखर चढली, पण हाताबाहेर गेली नाही. जखमेची जागा मी रोज बघते. अजून कोरडी आहे. उद्याचं मी सांगू शकत नाही, आणि खोटा दिलासा मी कुणालाच देत नाही.

निवड पुण्याला होती. दारातच जैव-तपासणीचं टेबल, मागे कंपनीचा भलामोठा फलक. यंत्रानं वेदिकाचा नमुना घेतला आणि हिरवा दिवा लावला. चोर नाही. टेबलावरची बाई गोंधळली. तिच्या संगणकात वेदिकाचं नाव आधीच लाल अक्षरात होतं. तिनं फोन लावला, बराच वेळ "हो सर, हो सर" केलं आणि मग एक कागद पुढे सरकवला.

"तुम्ही मितशर्करा स्वखुशीनं बंद केलीत, एवढं लिहून द्या. मग आत सोडता येईल."

मागे रांग लागलेली. मी पुढे होणार होते, पण आबांनी माझा दंड धरला.

वेदिकानं कागद वाचला. पूर्ण वाचला. मग तो त्या बाईसमोर परत ठेवला. "मॅडम, जे मी कधी घेतलंच न्हाई, ते सोडलं म्हणून कसं लिहून देऊ? तुमच्याच यंत्रात बघा. माझ्यात तुमचं काही हाय काय?"

बाईनं दिव्याकडे बघितलं. दिवा हिरवाच होता.

"न्हाई न्हवं? मग मला अडवायला तुम्ही कोण?"

रांगेतल्या पोरींमधून कुणीतरी शिट्टी मारली. मग टाळ्या पडायला लागल्या. बाईनं पुन्हा फोन उचलला, पुन्हा ठेवला, आणि फाटक उघडलं.

निवडीच्या शेवटच्या कुस्तीत समोर आलेली हरियाणाची पोरगी कंपनीच्याच साखरेवर वाढलेली, दगडासारखी. पहिल्या फेरीत तिनं वेदिकाला दोनदा फेकलं. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा आबांनी डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. मला बघायचं होतं. फेरी निम्मी झाली आणि वेदिका उभी होती. शेवटचं मिनिट लागलं तरी उभी होती, उलट समोरची धापा टाकत होती. मग वेदिका खाली वाकली, एकेरी पट काढून तिचा एक पाय धरला, तो खांद्यापर्यंत उचलला, आणि त्या पोरीची पाठ गादीला लावून धरली. पंचानं गादीवर हात आपटला तेव्हा आबा "काय झालं, काय झालं?" करत होते, आणि मला रडू आवरत नव्हतं.

बाहेर एका पत्रकारानं तिच्यापुढे माईक धरला. खुराक काय होता, कुणाची साखर, कुणाची पावडर, त्याला सगळं हवं होतं. मागे कंपनीचा फलक कॅमेऱ्यात नीट येईल अशा बेतानं त्यानं तिला उभंही केलं होतं. वेदिका दोन पावलं सरकून आबांच्या शेजारी आली.

"तेच, जे आधी खात हुतो," ती म्हणाली. "फक्त ह्या खेपेला खाल्लेलं माझ्या अंगाला लागलं."